भावंडं किती, हयात किती

विलास, तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी तुझं आडनाव विसरलो.

हसू नकोस. इंडस्ट्रियल एस्टेटच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडलेल्या, समोर तुझा फोटो, पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात तुझी आई. मी माइक धरला, "आपल्या सगळ्यांचा लाडका विलास" इथपर्यंत आलो आणि पुढे काही येईना. इतकी वर्षं "विल्या" आणि "अबे" यांच्यावर आपलं भागत होतं, आडनाव लागलंच नाही कधी. मी फोटोकडे बघितलं. माझी फजिती व्हायला लागली की तू जसा मान तिरकी करून बघायचास, तसाच बघत होतास. शेवटी मागून कुणीतरी "रामटेके, रामटेके" पुटपुटलं आणि मी सुटकेच्या आनंदात "रामटेके!" असा ओरडलो की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कसा शांत, नीट झाला होता. ही शोकसभा मी भरवलेली, म्हणून तिचं असं झालं.

पुढे काय बोललो ते आठवत नाही. जे बोलायचं होतं ते राहिलं एवढं नक्की. म्हणून हे लिहितोय. लिहिताना निदान आडनाव समोर लिहून ठेवता येतं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. डोंबिवलीत मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्याच्या वर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर आणि एक एसी, हा आपला धंदा. लोकांनी कागदावर लिहिलेलं आपण मशीनमध्ये भरायचो आणि फ्लॉपीवर घालून परत द्यायचो. पगारपत्रकं, सोसायट्यांच्या याद्या, एका मंगल कार्यालयाची तर बुकिंगंसुद्धा. एसी मशीनसाठी होता, आपल्यासाठी नव्हे. मशीन गरम झालं की बंद पडायचं, म्हणून आतली खोली बर्फाच्या कारखान्यासारखी गार. तू भर मे महिन्यात स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसायचास, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "आमचे पार्टनर. शिमल्याला असतात." तूही हसायचास. मग एखाद्या दिवशी यायचा नाहीस. दोन दिवसांनी उगवायचास, डोळे पिवळे, पाय ओढत. विचारलं तर म्हणायचास, "वात आहे बे."

वाताने डोळे पिवळे कसे होतील, हा प्रश्न मला पडला नाही. पडला तो माझ्या आईला. तुला कोलशेतला घरी जेवायला आणलं होतं. आई खाडीवरून नुकतीच आलेली, निवटे माशांचं कालवण चुलीवर, आणि तिने तुझ्याकडे एकदाच बघितलं.

"आरं पांडू, यो पोर हलदीवानी पिवला दिसतं. कावील हाय त्याला. न्हे दामाकडं."

दामा म्हणजे आमच्या कोळीवाड्यातला कावीळ उतरवणारा. मी लगेच तुला घेऊन गेलो. दामाने ताटात चुन्याचं पाणी घेतलं, मंत्र म्हणत तुझे हात त्यात धुतले, पाणी पिवळं झालं, आणि मी अशा विजयाने तुझ्याकडे बघितलं की जणू ते मीच पिवळं केलं. तू गुपचूप हात पुसलेस. परत येताना वाटेत म्हणालास, "पांडू, तुझ्या आईला सांगू नको, पण माझं एका ताटात नाही उतरणार."

"मग दोन ताटं लावू!" मी म्हणालो.

तेव्हा विचारायला हवं होतं ना, की एका ताटात का नाही? मी काय विचारलं, तर निवटे आवडले का.

मला कळलं ते सामंतबाईंमुळे. लहान मुलांच्या डॉक्टर, आयुष्यातली बरीच वर्षं आफ्रिकेत नोकरी करून डोंबिवलीला परत आलेल्या. एके सकाळी रिक्षातून खोके उतरवत आल्या. खोक्यांत कार्डांच्या झेरॉक्स. तीन देशांतल्या तीन इस्पितळांमधली सिकल सेलची मुलं. बाई मला समजावत होत्या: रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि अडकल्या की हाडं ठणकतात, थंडीत तर जास्तच; फुटल्या की डोळे पिवळे होतात. हा दोष आईबाप दोघांकडून आला की आजार होतो, एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक. एकेका इस्पितळात मुलं थोडी, प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहिणार, त्यातून कुणालाच काही कळत नाही. तीन देशांचं एका जागी आलं, एकसारखं लिहिलं गेलं, तर कळेल की काय केलं म्हणजे मूल मोठं होतं.

मी माना डोलवत होतो. तेवढ्यात तू आतल्या खोलीतून आलास, मफलरासकट. बाई बोलायच्या थांबल्या.

"तुमचं गाव कुठलं हो?"

"कल्याणला राहतो. रेल्वे कॉलनी. वडील लोकोशेडला होते."

"मूळ?"

"चंद्रपूरकडचे आम्ही."

"भावंडं?"

मला वाटलं, बाईंना एखादी भाची उजवायची आहे. मी आपला पुढे होऊन म्हणालो, "मुलगा निर्व्यसनी आहे बाई, मी गॅरंटी देतो."

तू माझ्याकडे बघितलंसही नाही. बाईंना म्हणालास, "मला माहीत आहे, बाई. मोठ्या इस्पितळात तपासलंय. मला तोच आहे."

बाई गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती एसी बंद. दुपारी मशीन बंद पडलं, सकाळपासून भरलेलं सगळं गेलं. तू म्हणालास, "आता दोघं पेशंट झालो." त्यानंतर आपण एसी सकाळी थोडा वेळ लावायचो, तू बाहेरच्या खोलीत बसायचास, आणि मी आत गारठून भरायचो. स्वेटर तुझाच घालायचो. तो अजून तिथेच खिळ्याला आहे.

त्या इस्पितळांची नावं माझ्या जिभेला वळेनात, म्हणून मी त्यांना तळं, डोंगर आणि बंदर अशी नावं ठेवली. एक तळ्याकाठचं, एक डोंगरातलं, एक बंदराच्या गावातलं. तू चिडायचास. "त्यांना डोंबिवली म्हणता येत नसेल, तरी पाकिटावर नीट लिहितात ना?" चिडायचास आणि दुसऱ्या दिवशी विचारायचास, "तळ्याचं काही आलं का बे?"

आणि मग माझा तो पराक्रम, ज्याच्यावरून तू मला शेवटपर्यंत सोडलं नाहीस. प्रोग्राम मी लिहिला. नावासाठी तीन रकाने केले: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसरं काय करणार? जन्मापासून मी असंच लिहीत आलोय. शाळेत, रेशन कार्डावर, लग्नपत्रिकेत. मधलं नाव बापाचं, यात विचार करायचं काय? त्या मुलांना तीन नावं होती, चोख बसली रकान्यात. महिनाभर भरलं. मग बाईंनी सांगितलं, आता सख्खी भावंडं एकत्र लावा, आजार घराण्यातून येतो तेव्हा भावंडं हवीतच. मी प्रोग्राम चालवला. एकाही मुलाला भाऊ निघाला नाही.

बाई दोन दिवस डोकं धरून बसल्या. तुझ्या लक्षात आलं. तिथे मधलं नाव बापाचं नसतंच. कुणाचं चर्चमधलं, कुणाचं आजीने ठेवलेलं, कुणाचं जन्माच्या दिवसावरून. मी त्या प्रत्येकाला बाप करून टाकलं होतं.

"पांडू," तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "लोकांनी तिकडे जाऊन राज्यं घेतली, जमिनी घेतल्या. पण अख्ख्या देशाचे बाप बदलणारा तू पहिलाच."

परत सगळं भरलं. या वेळी आईचं नाव धरून. आई कार्डावर असायचीच, कारण पोराला घेऊन तीच यायची. भावंडं भराभर जवळ आली. तू स्क्रीनवर बोट ठेवून म्हणत होतास, हे बघ, हे दोघं, आणि ही यांची धाकटी. जशी तुझ्याच नात्यातली.

मला तेव्हा वाटायचं, तुझा उत्साह म्हणजे कामाचा उत्साह. बाईंचा प्रश्न होता, मूल मोठं कसं होईल. तुझा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि तू तो एकदाच मोठ्याने बोललास, तोही चहा ओतताना. "मोठं झाल्यावर मग किती वर्षं, ते यात कुठेतरी असेल ना बे?"

आणि मी मूर्खाने ते शोधून काढलं.

तळ्याकाठच्या कार्डांमध्ये एकही मृत्यू नव्हता. डोंगरात होते, बंदरात होते, तळ्यात नाही. मी धावत बाहेर आलो. बाईंना फोन लावला, त्या कुठे गावाला गेलेल्या. मग तुलाच सांगितलं, तावातावाने. पाण्यात काहीतरी असणार, माशांत असणार, मी खाडीकाठचा माणूस, मला माशांबद्दल विचार! पुढचे काही आठवडे तू वेगळाच होतास. शीळ घालायचास. पासपोर्टची चौकशी करून आलास, हे मला तुझ्या आईने सांगितलं. "पांडू, बाप्पा, हा तळ्यावर जातो म्हंते. कोणत्या तळ्यावर? इथल्या काळ्या तलावावर?"

मी हसलो. म्हणालो, "अहो आई, ते तळं जरा लांब आहे."

बाई परत आल्या, ऐकून घेतलं, आणि तळ्याच्या इस्पितळाला पत्र टाकलं. उत्तर पावसाळा संपता संपता आलं. तिथल्या सिस्टरने लिहिलं होतं की आमच्याकडे मूल गेलं की त्याचं कार्ड आम्ही आईला देतो. मुलाचं नाव लिहिलेला तेवढाच एक कागद तिच्याकडे असतो, आणि ती तो मागते.

म्हणजे कपाटात उरायची ती जिवंत मुलांची कार्डं. माझं तळं असं होतं.

बाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मी तुझ्याकडे बघायचं टाळून स्टेपलरमध्ये पिना भरल्या. भरलेल्याच होत्या. तू एवढंच म्हणालास, "बरोबर आहे तिचं. मीपण दिलं असतं."

त्या दिवशी शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. खोटी आशा दाखवली म्हणून एखादी फ्लॉपी फेकून मारली असतीस तर मी ती झेलली तरी असती. बाई गेल्यावर तू चहा सांगितलास. दोन.

आपलं खरं भांडण त्याच्यानंतर झालं. मी म्हणालो, तळ्याला लिहू या, की कार्डं आयांकडून परत मागवा, झेरॉक्स काढा, परत द्या. साधी गोष्ट.

"तू जाशील? दार वाजवून म्हणशील, मावशी, तुझं मेलेलं पोर दोन दिवस उसनं दे?"

"अरे, संशोधनासाठी..."

"माझ्या आईकडे ताईचा एक कागद नाही. असता आणि कुणी मागायला आला असता, तर मी त्याला पायरीवरून ढकलला असता."

तुला बहीण होती, हे मला तेव्हा कळलं. शकुन. तुझ्याहून मोठी, चंद्रपूरला असतानाच गेलेली. हातपाय सुजायचे, रडायची, लोक वात म्हणायचे. शाळेत नाव घातलं नव्हतं, म्हणून ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. किती वर्षांची होती विचारलं, तर तुझ्या आईला सांगता येत नव्हतं. ती म्हणायची, "दुधाचे दात पडाले लागले होते तिचे. समोरचे दोन."

यातूनच तुझी युक्ती निघाली. मेलेल्यांचं कार्ड आईकडेच राहू दे. पण तीच आई दुसरं मूल घेऊन येते, तेव्हा त्या मुलाच्या कार्डावर विचारायचं: भावंडं किती, हयात किती. आणि जी नाहीत, ती किती वर्षांची होती असं विचारायचं नाही. विचारायचं, बसत होतं का? चालत होतं का? दात पडले होते का? बकऱ्यांमागे जात होतं का? आकडा कुठल्याही आईला सांगता येईलच असं नाही. हे मात्र ती सांगेल.

बाई उठल्या आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी ठेवला नाही, आणि ते योग्यच होतं.

मग पत्रापत्री. हा एकच प्रश्न, एकाच तऱ्हेने, तिन्ही ठिकाणी विचारला जावा, एवढंच मागणं. डोंगरवाले म्हणाले, आमच्या सरकारची परवानगी लागेल. बंदरवाले म्हणाले, आमची माहिती परक्या देशात का पाठवू, आणि बरोबरच म्हणाले, आजवर ज्यांनी नेली त्यांनी परत काही दिलं नव्हतं. तळ्याकडे छापायला कागद नव्हता. सगळी पत्रं मानपाड्याला यायची आणि मानपाड्याहून जायची, म्हणजे तीन देशांची सोयरीक आपण रंगाच्या वासात बसून जुळवत होतो. पत्रांखाली तू सही करायचास, "व्ही. रामटेके, समन्वयक". मी खूप चिडवलं तुला त्यावरून. "साहेब, समन्वय झाला असेल तर वडापाव आणू?"

बंदराच्या डॉक्टरने एकदा विचारलंच, हे रामटेके कोण, डॉक्टर आहेत का? तू उत्तर लिहिलंस, मला न दाखवता. मी नंतर कार्बन कॉपी बघितली. नाही, डॉक्टर नाही, मला हा आजार आहे, इतकंच लिहिलं होतंस. आणि जमवलेल्या माहितीची एक प्रत आधी तुम्हाला, मग इतरांना, असं वचन. पुढच्या डाकेने बंदराचं पाकीट आलं.

या सगळ्यात तू अधूनमधून पडायचास. तुझं दुखणं उठलं की मी रेल्वे कॉलनीत यायचो आणि काहीच करायचो नाही. गरम पाण्याची पिशवी, पाणी, परत पाणी. तू भिंतीकडे तोंड करून पडलेला, तुझी आई दारात. "त्याले थंडी नको लागू देजो, बाप्पा," असं ती मला सांगायची, जणू थंडी माझ्या हातात होती. मी बडबड करायचो. स्कूटर कशी नाल्यात घातली, बायकोने कसं झापलं. तू कधीकधी म्हणायचास, "अबे, हसवू नको, बरगड्या दुखतात." मग मी गप्प बसायचो. पण मला गप्प बसून नुसतं बघायचं जमत नाही, म्हणून पाच मिनिटांनी परत सुरू. तुला बरं वाटावं म्हणून बोलायचो, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला तुझं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून.

आणि ते दुसरं भांडण, जे मिटलंच नाही.

"पांडू, मलापण घाल ना यात."

"तू काय चौथा देश आहेस?"

"हो. डोंबिवली ईस्ट."

"राहतोस कल्याणला."

"मग कल्याण घाल. आजार तोच, कार्ड तसंच भरतो. आई सांगेल सगळं. शकुनचं पण येईल त्यात."

मी कारणं दिली. म्हणालो, हिशेब बिघडेल, परकं रेकॉर्ड मिसळता येत नाही, बाई रागावतील. बाईंना तू विचारलंस, त्या म्हणाल्या, वेगळा गट करून घालता येईल की. मग मी म्हणालो, प्रोग्राम बदलावा लागेल, वेळ नाही. दर दिवाळीला तू विचारायचास आणि दर दिवाळीला मला वेळ नसायचा. तू म्हणालास, "देशांचे बाप बदलायला वेळ होता तुला." मी हसण्यावारी नेलं.

वेळ होता, विल्या. प्रोग्राममध्ये शेवटचा रकाना होता, तुला माहीत आहे. हयात की नाही. नवीन पाकीट आलं की मी प्रत्येक जुन्या नावापुढचा तो रकाना तपासायचो, काही बदललं असेल तर बदलायचो. कळफलकावरचं एक अक्षर. तुझं नाव त्या रांगेत आलं असतं, तर कधीतरी ते अक्षर मलाच दाबावं लागलं असतं. हे तुला सांगायला हवं होतं. तू ते ओळखलंही असशील. पण तू ते माझ्या तोंडून वदवलं नाहीस, आणि मी आपलं "वेळ नाही".

कल्याणच्या इस्पितळात त्या दुपारी तुझ्या छातीत पाणी झालंय म्हणाले. ऑक्सिजनचा मास्क लावलेला, त्याचं इलॅस्टिक सैल, सारखं घसरायचं. नर्स म्हणाली, "तुम्ही धरून बसा जरा." मला काम मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या दुखण्यात मला काहीतरी करायला मिळालं होतं, आणि मी ते जिवाच्या आकांताने केलं. तू हात वर आणलास आणि मास्क बाजूला केलास. ओठ हलले. मी म्हणालो, "आधी श्वास घे, मग बोल," आणि मास्क परत बसवला. तू परत काढलास. मी परत बसवला. तिसऱ्यांदा तू हात वर आणला नाहीस, नुसता बघत राहिलास, मान तिरकी करून.

काय म्हणायचं होतं रे?

मी सगळं लावून बघितलं. आईला सांभाळ म्हणणार होतास? ते म्हणायची गरज नव्हती, तुला माहीत होतं. पाणी मागत होतास? मला घाल म्हणत होतास, परत एकदा? की नुसतं, "अबे, नाकावर नीट बसव"? सामंतबाई म्हणतात, त्या वेळी माणूस काहीही बोलतो, मनाला लावून घेऊ नकोस. बाईंना एवढी वर्षं खोटं बोलता आलं नाही, आता कुठून येणार.

तू गेल्यावर तळ्याहून पाकीट आलं. वर तुझं नाव, अगदी नीट, मानपाडा, डोंबिवली पूर्व. उघडावं की नाही कळेना, मग उघडलं. नवी कार्डं होती, कागद मिळालेला दिसला. तुझा प्रश्न छापून आलाय, विल्या. आणि उत्तरंही. भावंडं किती, हयात किती. चालत होता. बसत नव्हती. दात पडले होते. पाणी आणायला जायची. ओळीमागून ओळी. ज्या मुलांचं तळ्यात कुठेच काही नव्हतं, ती सगळी आपापल्या भावांच्या कार्डांवर येऊन बसलेली. मी भरायला घेतलं आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "विल्या, हे बघ, दात!" खाली रंगाचं मिक्सर चालू होतं. कुणी ऐकलं नसावं.

पुढचं येईल की नाही, माहीत नाही. तळ्याच्या डॉक्टरची बदली झालीय म्हणे. बाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. बंदराने विचारलंय, रामटेके कुठे आहेत, पत्र का नाही. मी उत्तर लिहायला तीनदा बसलो. माझं इंग्रजी तू बघितलंयस.

आणि आता माझा ताजा पराक्रम, मग थांबतो. तू असतास तर वर्षभर पुरला असता तुला.

ताप हटत नव्हता म्हणून बायकोने ओढत कोलशेत रस्त्यावरच्या नव्या डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगा, फार नीटनेटका, प्रत्येक नव्या पेशंटचं कार्ड करतो. नाव, वय, आधीचे आजार. मग विचारलं, "भावंडं?"

मी म्हणालो, "दोन बहिणी, एक भाऊ."

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"सगळे हयात?"

"बहिणी आहेत. भाऊ गेला."

"कशाने?"

"सिकल सेल."

तो ताठ बसला. पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा समोर आलं असावं. "सख्खे भाऊ?"

"हो."

"वय किती होतं?"

मी आकडा सांगितला. त्याने आकडा लिहिला, पुढच्या रकान्यावर गेला. चालत होता का, त्याने विचारलं नाही. मी सांगितलं असतं. चालत होता, थंडीत डावा पाय जरा ओढायचा, जिना चढताना मला पुढे जा म्हणायचा, कारण कुणी थांबून मागे वळून बघितलेलं त्याला आवडायचं नाही.

"सख्ख्या भावाला होता, म्हणजे तुमचं रक्त तपासलंच पाहिजे," डॉक्टर म्हणाला आणि सुई काढली. आता नाही म्हणायची सोय नव्हती. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, काय हे? त्याला खरं का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "तोंडातून गेलं." ती स्कूटरवर मागे बसली आणि घरापर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकून राहिली.

काल रिपोर्ट आला. डॉक्टर खुशीत होता. "अभिनंदन भोईर, काही नाही. वाहकसुद्धा नाही तुम्ही."

मी म्हणालो, "परत एकदा बघता का?"

त्याला वाटलं मी घाबरलोय. त्याने खुर्ची जवळ ओढली, कागदावर बोट ठेवून मला ओळ दाखवली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "घाबरू नका हो. तुमच्या भावाचं तुमच्यात काहीच आलेलं नाही."